पाडकामापासून ताब्यापर्यंत: बांधकाम साइटवरची सुरक्षा टप्प्याटप्प्याने

साइटवर नव्याने रुजू झालेले इंजिनिअर, सुपरवायझर आणि पहिल्यांदाच स्वतःचा ठेका घेणारे यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण पुण्या-मुंबईत सध्या गल्लोगल्ली दिसणाऱ्या कामाचं घेतलंय: जुनी तीन मजली सोसायटी पाडायची आणि त्या जागी एक तळघर व वर सात मजले उभे करायचे.

अपघात ज्या दिवशी होतो, त्या दिवशी तो टाळण्याची संधी बहुधा आधीच निघून गेलेली असते. स्लॅबच्या कडेवरून माणूस पडतो, कारण कडेला कठडा नसतो. कठडा नसतो, कारण स्लॅब भरताना त्यासाठी पाइपचे तुकडे गाडलेले नसतात. आणि तुकडे गाडलेले नसतात, कारण टेंडरमध्ये कठड्याचा आयटमच नसतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर पुढच्या टप्प्याचा विचार करायचा. सकाळी हेल्मेट घातलेल्या कामगारांचा फोटो ग्रुपवर टाकला म्हणजे सेफ्टी झाली, ही समजूत पहिल्याच दिवशी सोडून द्या.

१. नकाशा आणि टेंडर

आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट (इमारतीच्या ताकदीचा हिशेब करणारा इंजिनिअर) यांच्यासोबतच्या पहिल्या बैठकीत हे मुद्दे कागदावर आणा:

- लिफ्ट आणि प्लंबिंगच्या डक्टमध्ये स्लॅबची सळई न तोडता आरपार ठेवायची. ती जाळी पाइप टाकायच्या दिवशीच कापायची. डक्टमध्ये पडून होणारे मृत्यू टाळण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.
- गच्चीचा पॅरापेट किमान १ मीटर, शक्य असेल तर १.२ मीटर. त्याने कामगार वाचतो आणि पुढे राहणारी मुलंही.
- एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी बाल्कनीतून किंवा सर्व्हिस लेजवरून हात पोचेल अशी जागा. ती नसेल तर पुढची तीस वर्षं कोणी ना कोणी मेकॅनिक खिडकीच्या छज्जावर उभा राहणार.
- बाहेरून रंगकाम आणि पाइपदुरुस्ती करणाऱ्यांसाठी गच्चीवर कायमचे अँकर (दोर अडकवायच्या पक्क्या कड्या).

टेंडरमध्ये ‘सुरक्षेची सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ एवढं एकच वाक्य असेल तर सगळ्यात कमी दर भरणाऱ्याने सुरक्षेचा पैसा धरलेलाच नसतो. लेबर रेट प्रति चौरस फुटाने ठरतो आणि त्यातून हार्नेस (पडणाऱ्याला अडवणारा अंगपट्टा) कधीच निघत नाही. त्यामुळे कठडे रनिंग मीटरमध्ये, जाळ्या चौरस मीटरमध्ये, हार्नेस व लाइफलाइन (हार्नेसचा हूक अडकवायची ताणलेली दोरी) नगाने, संडास आणि पिण्याचं पाणी महिन्याने असे वेगळे आयटम करा आणि बाकीच्या कामासारखंच मोजमाप घेऊन बिल द्या. बिल मिळतं म्हटल्यावर ठेकेदार स्वतःहून कठडे लावतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. १० किंवा अधिक कामगार असतील तर आस्थापनेची नोंदणी करावी लागते, तीही ६० दिवसांच्या आत. जमिनीची किंमत वगळून बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर भरावा लागतो. १८ ते ६० वयाच्या, मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. त्यासाठी लागणारा ९० दिवसांचा दाखला द्यायला टाळाटाळ करू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. या संहितेनुसार बांधकामावर २५० किंवा अधिक कामगार असतील तर सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. जुन्या कायद्यात हा आकडा ५०० होता. जुने फॉर्म डोळे झाकून भरण्याआधी कामगार आयुक्त कार्यालयात एकदा चौकशी करा.

२. पाडकाम

आधी वीज, गॅस आणि पाणी तोडा. तोडल्याचं संबंधित कंपनीचं पत्र फाइलला लागल्याशिवाय ब्रेकर सुरू करू नका. ‘मीटर काढलाय’ म्हणजे वीज बंद झाली असं नव्हे. रस्त्यावरून आलेली सर्व्हिस केबल जिवंत असू शकते.

क्रम बांधकामाच्या उलटा: वरून खाली. बाल्कनी आणि छज्जे आतल्या स्लॅबच्या किंवा वरच्या भिंतीच्या वजनावर तोललेले असतात. मागची भिंत आधी काढली की छज्जा त्यावरच्या माणसासकट खाली येतो. आधी छज्जा, मग भिंत.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे राडारोडा स्लॅबवरच साचू देणं. एक मीटर उंचीचा ढीग चौरस मीटरला दीड टनाच्या आसपास भरतो, आणि राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलोच्या वापरासाठी धरलेला असतो. राडा रोज च्यूटने (वरून खाली सोडलेल्या नळीतून) खाली काढा.

जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते भिजवून, नटबोल्ट सोडवून अख्खे उतरवायचे. वरून फेकून फोडायचे नाहीत, कटर तर अजिबात लावायचा नाही.

३. खोदकाम

मातीत दीड मीटरपेक्षा खोल चर किंवा खड्डा असेल तर बाजू उतरत्या कापा, पायऱ्या करा किंवा शोअरिंग (बाजूंना टेकू) द्या. ‘दोन तासांचं तर काम आहे’ हे वाक्य ऐकू आलं की काम थांबवा. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाहून जास्त असतं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस श्वास घेऊ शकत नाही, मग तोंड मोकळं असलं तरी.

काढलेली माती कडेपासून किमान १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यातलं जे जास्त असेल तितकी दूर. डंपर आणि ट्रान्झिट मिक्सर त्याहूनही लांब; चाक पुढे सरकू नये म्हणून तिथे लाकडी ठोकळा किंवा मातीचा बांध. १.२ मीटरपेक्षा खोल चरात दर ३० मीटरला एक शिडी, आणि ती कडेच्या वर ९० सेंमी निघालेली.

काळ्या मातीचा भरवसा धरू नका. उन्हाळ्यात ती भिंतीसारखी ताठ उभी राहते आणि कडेला समांतर भेगा पडतात. पहिल्या वळवात त्या भेगांत पाणी शिरतं आणि अख्खा कापा सुटतो. रोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर खड्ड्याच्या कडेने फिरा. नवी भेग दिसली तर दोन्ही टोकांना खुणा करून तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर खाली कोणी उतरायचं नाही. मुरमाखाली कातळ लागला म्हणून निर्धास्त होऊ नका. कातळातल्या फटी खड्ड्याकडे उतरत असतील तर तोही सुटतो.

शेजारच्या भिंतीचा विचार खड्ड्यापेक्षाही आधी करायचा. २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्यात, मुसळधार पावसात एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या कामगारांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. म्हणून तीन कामं. पहिलं, खोदण्याआधी शेजारच्या भिंती आणि इमारतींचे तारखेसह फोटो, आणि असलेल्या तड्यांवर काचपट्ट्या (तडा वाढला की त्या फुटतात). दुसरं, भिंतीची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का ते पावसाळ्याआधी तपासणं. बुजलेली भोकं म्हणजे मागे साचणाऱ्या पाण्याचा सगळा दाब भिंतीवर. तिसरं, कामगारांची वस्ती कोणत्याही उंच भिंतीच्या किंवा खड्ड्याच्या पायथ्याशी बांधायचीच नाही. आम्ही भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळं सोडतो. जागा कमी असेल तर वस्ती दुसरीकडे भाड्याने घ्या.

४. सेंटरिंग

सेंटरिंग म्हणजे ओलं काँक्रीट पक्कं होईपर्यंत झेलणारा तात्पुरता साचा आणि त्याखालचे टेकू, म्हणजे जॅक. कामगाराला हिशेब पाठ असायची गरज नाही, पण तुम्हाला हवा. १५० मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३७५ किलो ओलं काँक्रीट. प्लाय, बॅटन आणि प्लेटांचे ५० किलो. माणसं, व्हायब्रेटर आणि ओतताना साचणारा ढीग यांचे १५० ते २००. एकूण ६०० धरा. जॅक १.२ मीटर बाय १.२ मीटरवर असतील तर एका जॅकवर साधारण ८६० किलो येतात. येण्याजाण्याला आड येतो म्हणून कोणी मधला एक काढला, तर शेजारच्या दोघांवर प्रत्येकी १,३०० च्या आसपास. शिवाय जॅक जितका लांब, तितका तो लवकर वाकतो: ३ मीटरचा जॅक साडेचार मीटरपर्यंत खेचला की त्याची ताकद निम्म्याच्याही खाली येते.

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी हे बघा:

- जॅकची पिन मूळची आहे की सळईचा तुकडा घातलाय? ८ मिमीचा तुकडा भाराखाली कापला जातो. पिनच हवी.
- जॅक ओळंब्यात आहेत का?
- खाली काय आहे? पार्किंगच्या पहिल्या स्लॅबचे जॅक बऱ्याचदा ताज्या मुरमाच्या भरावावर उभे असतात, आणि पावसाने किंवा टँकरच्या गळतीने भराव बसतो. भराव पाणी मारून, रोलर फिरवून दाबलेला हवा. त्यावर फळी आणि फळीवर जॅक. विटांची चळत ठेवून उंची जुळवायची नाही.
- दोन्ही दिशांना आडवे आणि तिरपे बांध आहेत का? काँक्रीट पंप सुरू झाला की पाइपलाइन झटके देते. त्या झटक्यांनी बांध नसलेलं सेंटरिंग आडवं ढकललं जातं आणि एका बाजूला झोपतं.

भरताना काँक्रीट एका जागी गुडघाभर साचू द्यायचं नाही. खाली सेंटरिंगचा एक जाणता सुतार बाहेरच्या बाजूने नजर ठेवून असतो. स्लॅबखाली दुसरं कोणीही नाही; चहा प्यायलाही नाही.

टेकू कधी काढायचे, हे आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्पष्ट दिलंय. कॉलम आणि बीमच्या उभ्या प्लेटा १६ ते २४ तासांनी. ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवसांनी. ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्यापुढे २१ दिवसांनी. हे आकडे साध्या ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड) सिमेंटसाठी आणि १५ अंशांच्या खाली न जाणाऱ्या तापमानासाठी आहेत, हे मात्र साइटवर कोणी सांगत नाही. आज बहुतेक ठिकाणी पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) किंवा फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं आरएमसी (प्लान्टमधून तयार येणारं काँक्रीट) येतं आणि ते सावकाश ताकद धरतं. अशा वेळी दिवस मोजत बसू नका. क्यूब (त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे) फोडून ताकद बघा आणि कन्सल्टंटची लेखी परवानगी घ्या. वरचा स्लॅब भरताना त्याचा भार खालच्या कोवळ्या स्लॅबवर जातो, म्हणून खालच्या किमान दोन मजल्यांचे टेकू तसेच ठेवा. कॅन्टिलिव्हर (एकाच बाजूने आधार असलेला, पुढे निघालेला भाग) असेल तर टेकू टोकाकडून काढत आधाराकडे या.

५. उंचीवरचं काम

कठडा, जाळी, हार्नेस. प्राधान्य याच क्रमाने, कारण कठड्याला कोणाच्या आठवणीची गरज पडत नाही. साधारण एक मीटरवर वरची आडवी, मधोमध दुसरी आणि तळाला १५ सेंमीची फळी. ही फळी माणसासाठी नाही. खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात हातोडी पडू नये यासाठी आहे. माल चढवायला कठडा काढला तर काढणाऱ्यानेच तो परत लावायचा, आणि तोवर त्याने हुकात अडकलेलं राहायचं.

इमारतीला गुंडाळलेली हिरवी जाळी धूळ आणि गिलाव्याचे तुकडे अडवते, माणूस नाही. माणूस झेलणारी जाळी वेगळी असते. ती कडेच्या दोऱ्यासह बाहेर काढलेल्या ब्रॅकेटवर बांधली जाते. कॉलमच्या सळ्यांवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्यांचंही तसंच. त्या ओरखडा वाचवतात. वरून पडणाऱ्या माणसाच्या शरीरातून सळई आरपार जाणं थांबवत नाहीत. जिथे वरून कोणी पडू शकतं तिथे सळ्यांवर फळी बांधा.

हार्नेसबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा, की तो घातला की झालं. दोरी १.८ मीटरची. झटका शोषणारा पट्टा उघडतो साधारण १.२ मीटर. पाठीच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर. सुरक्षित अंतर एक मीटर. बेरीज साडेपाच मीटर, आणि ही मोजायची हूक जिथे लावलाय तिथून खाली. म्हणजे जमिनीपासून तीन मीटरवरच्या पहिल्या स्लॅबवर पायाशी हूक लावलेला कामगार बेल्टसकट जमिनीवर आदळतो. हूक डोक्याच्या वर लावा, नाहीतर आखूड दोरी द्या, म्हणजे कडेपर्यंत तो पोचूच शकणार नाही. हूक अडकवायचा तो कॉलमला वेढा घातलेल्या पट्ट्याला किंवा ताणलेल्या स्टीलच्या लाइफलाइनला. बल्ली, खिडकीचं ग्रिल, प्लंबिंगचा पाइप: हे अँकर नव्हेत. आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, कारण पट्ट्यांनी पायातलं रक्त अडकतं. त्याला खाली कसं आणि कोण घेणार, हे काम सुरू होण्याआधी ठरवा.

परांची. भिंतीत भोकं पाडून बांधलेली एकेरी बांबूची परांची बाहेरच्या गिलाव्याला अजूनही सर्रास दिसते. सात मजल्यांना ती नकोच. स्टीलची दुहेरी घ्या: खाली बेस प्लेट आणि फळी, दर चार मीटर उंचीवर इमारतीला बांध, तिरपे ब्रेसिंग आणि पूर्ण रुंदीच्या फळ्या दोन्ही टोकांना बांधलेल्या. परांची कोसळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गिलावा करताना गवंडी आड येणारे बांध सोडतो आणि परत बांधत नाही. म्हणून दर आठवड्याला, आणि वादळी पावसानंतर लगेच, तपासणी करून हिरवा टॅग लावायचा. टॅग नसेल तर चढायचं नाही. शिडीला उतार चारास एक (चार मीटर उंचीला पाया एक मीटर बाहेर), आणि वरच्या टोकाला ती एक मीटर जास्त.

माल चढवायच्या होइस्टमधून माणसं कधीच नाहीत. माणसांच्या लिफ्टची वायर रोप, ब्रेक आणि ओव्हरस्पीड यंत्रणा ठरलेल्या मुदतीत सक्षम व्यक्तीकडून तपासून घ्या. १० सप्टेंबर २०२३ ला ठाण्यात बाळकुमला एका ४० मजली इमारतीत बांधकामाची लिफ्ट कोसळून सात कामगार गेले. ते गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग संपवून खाली येत होते. काम ‘संपत आलंय’ असं वाटायला लागतं तेव्हा देखरेख सैल पडते, लिफ्ट मात्र तेवढ्याच फेऱ्या मारत असते.

६. वीज

प्रत्येक डीबीला (वीज वाटपाच्या पेटीला) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की आपोआप बंद करणारा स्विच), आणि रोज सकाळी टेस्टचं बटण दाबायचं. खटका पडला नाही तर ती लाइन बंद. सॉकेटमध्ये उघड्या तारा काडीने खोचणं ही आपल्याकडची जुनी सवय. इंडस्ट्रियल प्लग टॉपचे पैसे टेंडरमध्येच धरा. केबल जमिनीवरून पाण्यातून नेऊ नका, दोन मीटरच्या वर टांगा. साइटवरून ११ केव्हीची तार जात असेल तर सळई उभी उचलणं आणि पंपाचा बूम उघडणं, या दोन्हींआधी महावितरणकडून लाइन हलवून किंवा बंद करून घ्या.

७. धूळ, ऊन, डास

पडलेला माणूस दिसतो, फुप्फुसात गेलेली सिलिका (दगड-काँक्रीटची बारीक धूळ) दिसत नाही. ग्रॅनाइट, टाइल, काँक्रीट कापताना कटरला पाणी जोडा. कोरडं चिपिंग टाळता येत नसेल तर नाकाला नीट बसणारा एन-९५ द्या. रुमाल बांधून काही होत नाही. ओल्या सिमेंटने कातडी जळते. गमबूटमध्ये काँक्रीट गेलं तर ‘स्लॅब झाल्यावर धुतो’ म्हणायचं नाही, लगेच धुवायचं.

मे महिन्यात दुपारी १२ ते ४ उघड्या स्लॅबवरची सळई बांधणी बंद ठेवा आणि ती पहाटे घ्या. विदर्भ-मराठवाड्यात हे पाळावंच लागतं. दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी, सोबत ओआरएस, आणि नवीन आलेल्याला पहिला आठवडा अर्धं काम. बडबडायला लागलेला, लडखडणारा, अंग तापलेला माणूस दमलेला नसतो, त्याला उष्माघात असतो. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

क्युरिंगची आळी (काँक्रीट ओलं ठेवायला स्लॅबवर साठवलेलं पाणी), लिफ्टचा खड्डा आणि रिकामे ड्रम ही डेंग्यूच्या डासांची घरं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी काढून, तळ घासून नव्याने भरा. महापालिकेच्या नोटिशीची वाट बघू नका.

८. टाक्या

यात सगळ्यात जास्त फसगत होते, कारण धोका डोळ्यांना दिसत नाही. तळघरातल्या पाण्याच्या टाकीत महिनाभर प्लाय आणि बल्ल्या भिजत पडल्या की कुजणारं लाकूड आतला ऑक्सिजन खातं. प्लाय काढायला उतरलेला पहिला माणूस कोसळतो, दुसरा त्याला काढायला उडी मारतो, मग तिसरा. क्रम असा ठेवा: दोन्ही झाकणं उघडा, ब्लोअरने हवा आत सोडा, गॅस मीटर दोरीने तळापर्यंत सोडून वाचन घ्या. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर कोणी उतरायचं नाही. उतरणाऱ्याला हार्नेस, वर ट्रायपॉड आणि दोरी धरून बसलेला एक माणूस, जो कोणत्याही परिस्थितीत आत उतरणार नाही. टाकीत पेट्रोल किंवा डिझेलचा पंप उतरवायचा नाही. सॉल्व्हंटचा लेप मारताना ब्लोअर सतत चालू, आणि बल्ब साधा नको, स्फोटरोधक हवा.

९. ताबा देताना

सोसायटीच्या चाव्यांसोबत एक फाइल द्या आणि समितीच्या दोघांना ती उघडून समजावून सांगा. त्यात प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे नकाशे हवेत. पोस्ट-टेन्शन स्लॅब (आत केबल ताणून बसवलेला) असेल तर केबल कुठून गेल्यात ते ठळक, कारण ताणलेल्या केबलमध्ये ड्रिल गेलं तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. गच्ची, पोडियम (इमारतीच्या तळाचा उंच चौथरा) आणि फायर इंजिनच्या रस्त्याची भारक्षमता लिहा. ट्रान्सफर गर्डरचे (वरच्या कॉलमचा भार बाजूला नेणाऱ्या मोठ्या बीमचे) फोटो, भिंतीतल्या विजेच्या लाइनी, गच्चीवरच्या अँकरची चाचणी आणि पुढची तारीख जोडा. सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीसाठी वेगळं पान ठेवा: झाकणं कुठे, आत कोणते वायू साचतात, कोणत्या यंत्राने साफ करायची. माणूस उतरवून मैला साफ करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, हे त्या पानावर मोठ्या अक्षरात, आणि तेच टाकीच्या झाकणाशेजारी मराठी आणि हिंदीत पाटीवर. झाकणाला कुलूप लावा आणि किल्ली वॉचमनकडे न ठेवता सचिवांकडे द्या.